इन्सेन्टिव्ह लावताना: 20 ते 50 माणसांच्या कारखान्यासाठी पायरीपायरीने

प्रॉडक्शन अडलं, रिजेक्शन वाढलं, सोमवारी तीन मशीन बंद राहिली, की छोट्या कारखान्याचा मालक बहुधा एकच करतो: इन्सेन्टिव्ह जाहीर करतो. पहिले दोन महिने काम उसळतं, मग ‘त्याला जास्त का, मला कमी का’ सुरू होतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत योजना गुपचूप बंद पडते. शेवटी ‘आजकाल माणसंच तशी’ म्हणून सगळे हात झटकतात.

माणसं तशी नसतात, योजना तशी असते. कामगार इन्सेन्टिव्हचा आकडा नंतर बघतो. शेठला नक्की काय हवंय, कशाकडे त्याचं लक्ष नाही आणि आज दिलेलं उद्या काढून घेणार का, हे तो नियमावरून आधी ताडतो, आणि त्याचा अंदाज सहसा बरोबर असतो. म्हणून पुढची बहुतेक मेहनत आकड्यावर नाही, नियमावर आहे.

1. आधी दोन आठवडे नुसती नोंद करा

प्रत्येक मशीनजवळ एक वही लटकवा. मशीन थांबलं की किती वेळ आणि का, एवढंच लिहायचं: माल नाही, टूल नाही, लाइट गेली, सेटिंग, ब्रेकडाउन, इन्स्पेक्शनची वाट, ऑपरेटर जागेवर नाही. सही कुणाची नको, नाहीतर खरं कुणी लिहिणार नाही.

दोन आठवड्यांनी बेरीज करा. ‘ऑपरेटर जागेवर नाही’ आणि विनाकारण संथ काम याचा वाटा मोठा नसेल, तर इन्सेन्टिव्हचा विचार सोडून द्या. माल वेळेवर न येणं हा स्टोअरचा प्रश्न आहे, आणि ऑपरेटरला पैसे देऊन स्टोअर सुधारत नाही. तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड गिरण्यांमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तिथे काही गिरण्यांना सल्लागार फुकट पुरवले. त्यांनी करवून घेतलेली कामं अगदी साधी होती: दोषांची रोजची नोंद, मशीन बंद राहिल्याची नोंद, सुताचा साठा नीट लावणं, जबाबदाऱ्या ठरवून देणं. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातल्या बऱ्याच गोष्टींना एका वहीपलीकडे खर्च नाही.

2. जे मोजाल तेच मिळेल, म्हणून मोजमाप नीट निवडा

नगावर पैसे लावले तर नग मिळतात, चांगले नग मिळतीलच असं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकायचं लक्ष्य कर्मचाऱ्यांपुढे ठेवलं होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. 2016 साली बँकेला 18 कोटी 50 लाख डॉलर दंड झाला आणि या प्रकरणात सुमारे 5,300 लोकांच्या नोकऱ्या गेल्याचं समोर आलं. त्या पाच हजारांना बेइमान म्हणणं सोपं आहे. पण बँक रोज सकाळी त्यांना एकच आकडा विचारत होती, हे विसरून चालत नाही.

उलट उदाहरणही अमेरिकेतलंच. सेफलाइट ही गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी. 1994-95 मध्ये तिने ताशी पगार सोडून बसवलेल्या काचेमागे दर लावला, किमान पगाराची हमी कायम ठेवून. माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलं. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लाझिअर यांच्या हिशेबाने त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्याची होती, बाकीची वेगाने काम करणारे टिकले आणि नवे आले त्याची. पण दर्जाचं काय? खराब बसलेली काच ज्याने बसवली त्यानेच, स्वतःच्या वेळात, पुन्हा बसवायची. असा नियम असल्यावर घाई आपोआप आवरते.

मशीन शॉपमध्ये याचा अर्थ असा की ‘काढलेले नग’ मोजू नका, ‘पास झालेले नग’ मोजा. आणि ऑपरेटरच्या हातात नाही ते मोजमापात घालू नका. महिन्याचा टर्नओव्हर, डिस्पॅच, गिऱ्हाइकाचं पेमेंट यावर ऑपरेटरचा इन्सेन्टिव्ह बांधणारे मालक मी पाहिले आहेत. ती सोडत झाली. लागली तर आनंद, पण सोडत लागावी म्हणून कुणी जास्त काम करत नाही.

3. एकट्याला द्यायचं की गटाला

इथे घाई करू नका, कारण भांडणं इथूनच लागतात.

ओडिशामध्ये एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी हंगामी कामगारांचे तिघातिघांचे गट करून महिनाभराचं काम दिलं. काही गटांत तिघांना सारखा रोज, काहींमध्ये कोण किती काम करतो त्या क्रमानुसार थोडा कमी-जास्त. आता मजा बघा: तेवढाच रोज मिळणारी दोन माणसं, एक सारख्या पगाराच्या गटात आणि एक जिथे शेजाऱ्याला जास्त मिळतंय तिथे. दुसऱ्याचं काम घटलं, आणि हजेरी 18 टक्के-बिंदूंनी खाली आली. शेजाऱ्याला जास्त मिळतंय या रागापायी माणसांनी स्वतःचा रोज बुडवला. पण ज्या कामात कोण किती करतो हे सगळ्यांना समोर दिसत होतं, तिथे हा परिणाम दिसला नाही.

यातून कारखान्यासाठी सरळ नियम निघतो. नग मोजता येतात, रॅकवर दिसतात, शेजारचा बघू शकतो, तिथे माणशी फरक चालेल. असेंब्ली, पॅकिंग, मेंटेनन्स अशा कामात कुणाचा वाटा किती हे दिसत नाही, तिथे गटाला द्या आणि गटात समान वाटा. सुपरवायझरच्या मर्जीने दिलेला ‘परफॉर्मन्स अलाउन्स’ हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. त्याचं कारण कुणालाच दिसत नाही, म्हणून ज्याला मिळाला तो चमचा ठरतो.

‘महिन्याचा सर्वोत्तम कामगार’ हाही प्रकार जपून. इंग्लंडमधल्या एका फळबागेत मजुरांना सोबतच्यांच्या तुलनेत पैसे मिळायचे, म्हणजे मी जास्त तोडली तर माझ्या मित्राचे पैसे कमी. मित्र शेजारी असला की मजूर हात आखडता घ्यायचे. सरळ तोडीवर दर लावल्यावर तोड निम्म्याने वाढली. आपल्याकडे तर एका गावचे, एका खोलीवर राहणारे पाच जण एकाच शिफ्टला असतात, त्यांना एकमेकांविरुद्ध पळवून काय मिळणार?

4. बेस, दर आणि लेखी वचन

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

समजा पाच ऑपरेटरचा एक सेल, म्हणजे एकत्र काम करणारा गट आहे. गेल्या आठ आठवड्यांत एका शिफ्टला सरासरी 400 नग पास झाले. हा झाला बेस, त्यावरच्या नगांनाच इन्सेन्टिव्ह. (सर्वात चांगला आठवडा नाही, सरासरी. चांगला आठवडा बेस धरला की पहिल्या महिन्यात कुणालाच काही मिळत नाही आणि योजना तिथेच मरते.) एका जादा पास नगामागे माल, टूल आणि वीज वजा जाता तुमच्या हाती 35 रुपये उरतात असं धरू. त्यातले 10 रुपये सेलला द्यायचे.

आज शिफ्टला 440 नग निघाले, 12 रिजेक्ट झाले, 428 पास. जादा 28 नग, 280 रुपये, पाच जणांत 56 रुपये माणशी. 25 शिफ्ट असंच चाललं तर महिन्याला 1,400 रुपये. हा आकडा माणसाला घरी सांगण्याजोगा वाटला पाहिजे. महिन्याला दीडशे-दोनशे होत असतील तर योजना लावूच नका, त्यापेक्षा कँटीनचा चहा सुधारा.

रिजेक्ट नगाचे पैसे पगारातून कापू नका. तो नग मोजला गेला नाही, एवढं पुरे. ब्रेकडाउन अर्ध्या तासाच्या वर गेलं तर तेवढा बेस प्रमाणात कमी करायचा, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर मशीन बंद पडलं की दिवसभर सगळे हात बांधून बसतात, कारण ‘आजचा तर गेलाच’.

आता वचनाचं. कामगाराच्या मनात पहिल्या दिवसापासून एक प्रश्न असतो आणि तो बहुधा विचारत नाही: ‘आम्ही 450 काढले की शेठ बेस 450 करणार ना?’ ही भीती नवी नाही. शिकागोजवळच्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये तारजोडणी करणाऱ्या 14 कामगारांचा एक गट काही महिने वेगळ्या खोलीत बसवून पाहिला गेला. जास्त काम केलं की जास्त पैसे, असा दर असूनही गटाने दिवसाचं ‘योग्य काम’ आपापसात ठरवून घेतलं होतं. कुणी पुढे पळायला लागला की त्याची टिंगल, नाहीतर दंडावर एक गुद्दा. मालकाला कळलं तर दर कापतील, किंवा माणसं कमी करतील, ही धास्ती त्यामागे होती. मंदीचे दिवस होते, धास्ती अगदीच पोकळ नव्हती.

म्हणून नोटिशीवर लिहा: हा बेस आणि हा दर 12 महिने बदलणार नाही. बदललाच तर फक्त नवं मशीन, नवं टूलिंग किंवा नवा जॉब आला तर, आणि सेलसोबत बसून. एकदा हा शब्द मोडलात की पुढची पाच वर्षं कुठलीही योजना लावा, माणसं 400 वर थांबतील. सोबत हेही लिहा की उत्पादन वाढलं म्हणून या सेलमधून कुणाला कमी केलं जाणार नाही. ते लिहिता येत नसेल, तर योजना लावण्याआधी स्वतःशी विचार करा.

5. हजेरी भत्ता: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

नेहमीची योजना अशी: महिनाभर एकही खाडा नाही, लेटमार्क नाही, तर 1,500 रुपये. एक खाडा पडला की शून्य. दिसायला कडक आणि सोपी.

होतं काय? चार तारखेला पोराला ताप आला, एक खाडा पडला. आता उरलेल्या 22 दिवसांत वेळेवर यायला त्या माणसाकडे भत्त्याचं कुठलंच कारण उरलं नाही. अमेरिकेतल्या एका औद्योगिक लॉन्ड्रीत नेमका असा प्रकार अभ्यासला गेला. पूर्ण हजेरीवाल्यांना 75 डॉलरच्या गिफ्ट कार्डाच्या सोडतीत नाव मिळायचं. बक्षिसाची आशा असेपर्यंत काही जण वेळेवर यायचे, आशा संपली की पुन्हा जुनं वळण. त्याहून वाईट म्हणजे, जे आधीपासून बिनबोभाट वेळेवर येत होते त्यांचं काम 6 ते 8 टक्क्यांनी घसरलं. त्यांच्या नियमितपणाला कुणी आधी विचारलं नव्हतं, आणि आता उशिरा येणाऱ्यांसाठी बक्षीस निघालं होतं.

उदयपूरजवळ सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी पाहिलेली योजना वेगळी होती. तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा शाळेत दिला. दिवस सुरू होताना आणि संपताना मुलांसोबत शिक्षकाचा फोटो, तो काढायचा विद्यार्थ्याने. महिन्यात 10 दिवसांपर्यंत 500 रुपये, पुढच्या प्रत्येक दिवसाला 50 रुपये जादा. ही योजना नसलेल्या शाळांत गैरहजेरी 42 टक्के होती, योजना असलेल्या शाळांत 21 टक्के. फरक इथे आहे: महिन्याच्या 27 तारखेलाही त्या दिवसाची किंमत शिल्लक होती.

आपल्या कारखान्यात असं करता येईल. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरा. 20 दिवसांपर्यंत भत्ता नाही, त्यापुढच्या प्रत्येक हजर दिवसाला 250 रुपये. पूर्ण हजेरीला तेच 1,500, पण एक खाडा म्हणजे 250 चं नुकसान, 1,500 चं नाही. मी यात एक भर घालतो: दोन दिवस आधी सांगून घेतलेल्या रजेला 250 जातात, न सांगता मारलेल्या खाड्याला 500. शिफ्ट लावणाऱ्या सुपरवायझरला त्रास रजेचा नसतो, सकाळी सात वाजता कळण्याचा असतो. गणपतीत कोकणातली माणसं जाणारच, त्यावर भत्ता लावून उपयोग नाही. दोन महिने आधी यादी घ्या आणि शिफ्ट त्याप्रमाणे बांधा.

उशिरा येण्यावर दंड लावायचा मोह होतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट त्याआधी ऐका. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तिथे काही पाळणाघरांनी 10 शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो वाढून जवळपास दुप्पट झाला. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशीर खाली आला नाही. आधी पालकांना बाई थांबल्या म्हणून ओशाळं वाटत होतं. दंड आल्यावर ती पैसे देऊन घ्यायची सोय झाली. तुमच्याकडेही उशिराचे 50 रुपये कापले की माणूस निवांत चहा पिऊन येईल, कारण हिशेब मिटला.

शिवाय कायदा आहे. वेतन प्रदान अधिनियम, 1936 मध्ये आणि नंतर वेतन संहिता, 2019 मध्येही दंडाची मर्यादा त्या पगारकाळातल्या वेतनाच्या 3 टक्के आहे. दंड कशासाठी हे आधी जाहीर असावं लागतं, कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, रजिस्टरला नोंद लागते आणि तो पैसा कामगारांच्या हिताच्या कामालाच वापरायचा असतो. कामावर नसल्याची कपातही नसलेल्या वेळेच्या प्रमाणातच हवी, तेव्हा ‘वीस मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट’ हे अनेक ठिकाणी सर्रास चालतं तसं बसत नाही. आणि 8.33 टक्के हा कायदेशीर किमान बोनस आहे. दिवाळीला तोच देऊन त्याला इन्सेन्टिव्ह म्हणू नका, कामगारांना तो हिशेब तुमच्याइतकाच पाठ असतो.

6. पैसे कधी आणि कसे द्यायचे

लवकर आणि वेगळे. म्हैसूरमध्ये डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पगाराचा दिवस जवळ येईल तसं रोजचं काम वाढताना दिसलं. दूरचा पैसा आजच्या हाताला फारसा हलवत नाही. तेव्हा तिमाही इन्सेन्टिव्ह नको. दर शनिवारी सेलचा आकडा फळ्यावर लिहा, पैसे पंधरवड्याला किंवा निदान महिन्याला द्या. पगार स्लिपवर तो स्वतंत्र ओळीत दाखवा. ‘इतर भत्ते’ या ओळीत गेलेला इन्सेन्टिव्ह दिला काय, न दिला काय. आणि उचल त्यातून परस्पर वळती करू नका.

‘आधी द्या आणि टार्गेट चुकलं तर काढून घ्या’ हा सल्ला व्यवस्थापनाच्या शिबिरांत हमखास मिळतो, कारण माणसाला मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मोठं वाटतं. तत्त्व खरं आहे, डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी ते 1979 साली मांडलं. पण चीनमधल्या नानजिंगच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात प्रत्यक्ष करून पाहिलं तेव्हा, नेहमीच्या बोनसपेक्षा ‘काढून घेण्याच्या’ भाषेने गटांचं काम सुमारे 1 टक्क्याने वाढलं. एका टक्क्यासाठी दर महिन्याला माणसांना ‘तुझे काढले’ असं ऐकवायचं का, हे तुम्ही ठरवा. मी नाही ऐकवणार.

7. ज्याचं नुकसान होतंय त्याला आधी शोधा

पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल बनतात. रेक्झिनच्या शीटमधून पंचकोनी तुकडे कापायचा असा एक नवा डाय संशोधकांनी तिथल्या कारखान्यांना फुकट दिला की तेवढ्याच शीटमधून जास्त तुकडे निघावेत. सव्वा वर्ष उलटलं तरी थोड्याच कारखान्यांनी तो वापरला. कारण तुकडे कापणारे कामगार, म्हणजे कटर, नगावर पैसे घेत होते. नव्या डायने सुरुवातीला हात मंदावतो, वाचलेलं रेक्झिन मालकाचं आणि बुडालेला रोज कटरचा. मग ते मालकाला सांगणार, ‘डाय काही कामाचा नाही.’ पुढे काही कारखान्यांत एका कटरला आणि छपाई करणाऱ्या एका कामगाराला सांगितलं, की महिन्याभरात मालकासमोर हे तंत्र चालवून दाखवा, एका महिन्याचा पगार बक्षीस. तेवढ्याने डाय वापरात यायला लागला.

तुमच्या योजनेत असा कटर कोण आहे? बहुधा इन्स्पेक्टर, सेटर (जॉब बदलताना मशीन लावून देणारा) किंवा हेल्पर. ऑपरेटरला पास नगावर पैसे मिळणार, म्हणजे इन्स्पेक्टरवर पास करण्याचा दबाव येणार. त्याला याच नगांवर इन्सेन्टिव्ह देऊ नका. गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालावर त्याचा वेगळा भत्ता बांधा. सेटरला दोन जॉबमधल्या सेटिंगच्या वेळेवर. हेल्परला सेलमध्येच वाटा द्या, अर्धा का होईना. ठेकेदाराची माणसं त्याच सेलमध्ये काम करत असतील तर त्यांनाही तोच दर, नाहीतर पायरी 3 मधलं ओडिशा तुमच्या शेडमध्ये होईल.

8. ट्रायल आणि नोटीस

एकाच सेलवर आठ आठवडे चालवा. दुसरा, शक्यतो सारखाच सेल जसा आहे तसा ठेवा, म्हणजे वाढ योजनेची की सीझनची हे कळेल. दर आठवड्याला चार आकडे बघा: पास नग, रिजेक्शन, टूलचा खर्च, परत आलेला माल. नग वाढले आणि टूलचा खर्चही वाढला, तर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवून मशीन झोडपलं जातंय. तेव्हा दर नाही, मोजमाप बदला, आणि का बदललं ते सेलला सांगा.

नोटीस मराठीत, एका पानावर, कामगार जिथे पंच करतात तिथे लावा. हिंदी बोलणारी माणसं असतील तर हिंदीतही. साधारण अशी:

‘सेल क्र. 2. बेस: शिफ्टला 400 पास नग. जादा प्रत्येक पास नगाला 10 रुपये, सेलमधल्या हजर माणसांत समान. ब्रेकडाउन 30 मिनिटांवर गेल्यास बेस प्रमाणात कमी. आकडा दर शनिवारी फळ्यावर. पैसे दर महिन्याच्या 7 तारखेला, स्लिपवर वेगळी ओळ. ट्रायल आठ आठवडे. त्यानंतर योजना कायम झाल्यास बेस व दर 12 महिने बदलणार नाही. बंद करायची झाल्यास एक महिना आधी याच फळ्यावर कळवू, व तोपर्यंतचे पैसे पूर्ण देऊ. हिशेबाबद्दल शंका असल्यास सेलमधून एकाने सोमवारी दुपारच्या सुट्टीत ऑफिसला यावे, वही समोर ठेवून दाखवू.’

खाली मालकाची सही हवी, सुपरवायझरची नको.